धाकूकाकांच्या नावापुढचे साठ रुपये

मुलुंड (पश्चिम),
मंगळवार, १६ मे २०२३, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.
(दुकान उघडून झेरॉक्स मशीनची काच पुसत होतो. ती एकदा पुसून झाली होती. दुसऱ्यांदा पुसत होतो.)

तीर्थस्वरूप कुंदाआत्यास,

मिथुनचा नमस्कार, चप्पल दाराबाहेर काढून आणि हात धुऊन. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांनी पाठवलेले तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? आंब्याची पेटी मिळाली. चार डझनांपैकी तीन आंबे खराब निघाले (बाबा म्हणतात पाच, पण त्यातले दोन त्यांनीच आदल्या दिवशी दाबून बघितले होते). आई ठीक आहे, बाबा ठीक आहेत. मी ठीक नाही, पण ते ओघाने येईलच.

तू शनिवारी पाठवलेला फोटोही मिळाला. रवळनाथाच्या देवळाचे छप्पर, अर्धी कौले उतरवलेली, त्यावर निळी ताडपत्री, आणि जिथे गेले चार महिने कौलांच्या कामासाठी धाकूकाकांची शिडी टेकलेली असायची तिथे भिंतीवर दोन पांढऱ्या खुणा. फोटोखाली तू एक अक्षरही लिहिले नाहीस. मी तुझ्या वर्गात असताना माझी वही तपासताना तू चुकीवर लाल रेघ मारायची नाहीस, नुसते बोट ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचीस, ते आठवले. तेव्हा मी काय चुकले ते शोधायचो. आता शोधावे लागले नाही.

फोन केला असता, पण तू दुसऱ्याच वाक्याला मुद्द्यावर ये म्हणतेस आणि मी तिसऱ्या वाक्याला रडकुंडीला येतो, म्हणून पत्र. झाला प्रकार पहिल्यापासून क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा हे तुझे तूच ठरवशील. (दोष यंत्राचा आहे. पण तू ठरव.)

आपल्या ग्रामस्थ मंडळाची वर्गणीची यादी साठ वर्षे बाळतात्या हाताने लिहीत आले, हे तुला मी सांगायला नको. तरी सांगतो, कारण सगळा घोळ त्या यादीतच आहे. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यावे, ही आपली पद्धत. कोणी रुपये देतो, कोणी नारळ देतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही तो देवळाच्या कामाला आपले दिवस देतो. यादी मात्र एकच, नावांच्या अक्षराप्रमाणे, मोठा आधी आणि लहान नंतर असला प्रकार नाही. फक्त आकड्यापुढे चिन्ह वेगळे. रुपयाला रुपयाचे. नारळाला वाटोळे आणि वर तीन रेघांची शेंडी. दिवसाला घमेलं, म्हणजे अर्धा चंद्र आणि त्यावर आडवी रेघ. ही दोन्ही चिन्हे बाळतात्यांची स्वतःची. ती जगात दुसरीकडे कुठेही चालत नाहीत, पण आपल्या गावात रुपयाइतकीच चालतात.

यंदा बाळतात्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि मंडळाने ठरवले की यादीचे संगणकीकरण करायचे. ठरवले म्हणजे आमचे अध्यक्ष राजेशदादा यांनी ठरवले आणि बाकीच्यांनी चहा प्यायला. राजेशदादांचे घाटकोपरला मॉड्युलर किचनचे शोरूम आहे, तिथल्या एका न विकल्या गेलेल्या ओट्याभोवती आमच्या सभा होतात. त्यांचे म्हणणे, अहवाल कसा कॉर्पोरेट दिसला पाहिजे. (देवळाच्या कौलांचा अहवाल कॉर्पोरेट कशासाठी दिसायचा, हे विचारायला मी तोंड उघडले होते, पण तेवढ्यात त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.) मग त्यांनी विचारले की हे काम कोण करील. त्यावर बी.कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडलेला, मुलुंडच्या झेरॉक्सच्या दुकानात नोकरी करणारा आणि मित्राकडून चार महिने प्रोग्रामिंग शिकलेला तुझा भाचा उभा राहिला आणि म्हणाला, एका संध्याकाळचे काम आहे.

ती संध्याकाळ तीन आठवडे चालली.

प्रोग्राम म्हणजे काय, ते तुला तुझ्याच शाळेतले उदाहरण देऊन सांगतो. तू मुख्याध्यापकांकडे जाताना वर्गप्रमुखाला सांगून जायचीस की मी येईपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. मग एखादा मुलगा घेरी येऊन पडला तरी वर्गप्रमुख त्याला पाणी पाजू द्यायचा नाही. प्रोग्राम हा तो वर्गप्रमुख. आपण एक्सेलमध्ये नावे आणि आकडे भरायचे, की तो त्यांचा सुबक तक्ता करून देतो. पैशाच्या रकान्याला कोणते चिन्ह लावायचे, ते आकड्याच्या आधी की नंतर, स्वल्पविराम कुठे, दशांश किती, हे सगळे एकेका ओळीत सांगता येते. न सांगितले तर तो आपल्या मनाने ठरवतो, आणि त्याचे मन अमेरिकेत आहे.

त्यामुळे पहिल्या दिवशी मंडळाची सगळी वर्गणी डॉलरमध्ये आली. राजेशदादांचे पंचवीस हजार एक डॉलर बघून मला दोन मिनिटे वाटले, देऊळ सोडूनच द्यावे, डोंगर विकत घ्यावा. मग मी त्याला सांगितले की बाबा रे, रुपया लाव. त्याने लावला. दिसेल त्या आकड्याला लावला. अनुक्रमांक एक रुपया, दोन रुपये, तीन रुपये असे वाढत गेले. मंडळाचे स्थापना वर्ष एकोणीसशे चौसष्ट रुपयांना पडले. बाळतात्यांच्या मोबाईल नंबरला स्वल्पविराम लागून तो नऊशे ऐंशी कोटींच्या घरात गेला, आणि तात्या तर अजून रिचार्ज एकोणीस रुपयांचाच करतात.

तेही निस्तरले. मग नारळ आले. शेवंतीकाकूंचे एक्कावन्न नारळ प्रोग्रामने ५१.०० असे लिहिले. म्हणजे एक्कावन्न नारळ, शून्य पैसे. मी दशांश काढून टाकले. मग लाखाचे स्वल्पविराम परदेशी पद्धतीने पडत होते, ते हलवले. या काळात, आत्या, मी नावांतल्या एकतीस चुका दुरुस्त केल्या. 'जीर्णोद्धार' हा शब्द सभासदांनी सात प्रकारे लिहून पाठवला होता, त्यातला एकही बरोबर नव्हता. तू असतीस तर खिडकीबाहेर बघून तुझी मान दुखली असती.

आता चिन्हांचे ऐक. नारळासाठी राजेशदादा म्हणाले, एवढे कशाला, मोबाईलमध्ये नारळाचे चित्र असतेच, ते टाक. मी टाकून तक्ता सभेपुढे ठेवला. मोबाईलमधला नारळ फोडलेला आहे. अर्धी वाटी, आत पांढरे खोबरे, शेंडीचा पत्ता नाही. सभेतले सगळे तक्त्यावर वाकले. मग एकाने हळूच विचारले की आपण देवाला फोडलेला नारळ दिला असे गावात कळले तर चालेल का. (चालणार नव्हते.) घमेल्यासाठी तर कोणी तरी अंडे घातलेल्या कढईचे चित्र सुचवले. देवळाच्या अहवालात. शेवटी ठरले की बाळतात्यांच्या वहीतलीच चिन्हे घ्यायची. मी ती स्कॅन केली, तीन दिवस खपून त्यांचा छोटा फॉन्ट बनवला, आणि प्रोग्रामला सांगितले की नारळाला हे लाव, दिवसाला ते लाव. माझ्या कॉम्प्युटरवर ती इतकी सुरेख आली, की मी आईला बोलावून दाखवली. आई म्हणाली, छान आहे, आता जेव.

पण राजेशदादांना आकडे फार लांब दिसत होते. त्यांच्या शोरूमच्या पत्रकात हजारासाठी नुसते इंग्रजी 'के' घालतात, तसे आटोपशीर हवे, असा त्यांचा हुकूम. मी एक ओळ बदलली. तीस एप्रिलच्या रविवारी सभेत तक्ता ठेवला, आणि आत्या, तुला सांगतो, आजवर कोणत्याही देवळाच्या कामावर मंडळाने इतका विचार केला नसेल तितका त्या दिवशी एका रुपयावर केला. प्रोग्रामने राजेशदादांचे पंचवीस हजार एक रुपये जवळच्या हजारावर आणून नुसते पंचवीस हजार केले होते. कोणाचे पाच हजार एक, कोणाचे एक हजार एक, सगळ्यांचा वरचा रुपया यंत्राने खाल्ला होता. वर रुपया न ठेवता पैसे आपण फक्त दुःखाच्या घरी देतो. थोडक्यात, मंडळाच्या अहवालात अर्ध्या सभासदांनी रवळनाथाला दुखवट्याचे पाकीट दिले होते.

अकरा जणांच्या समितीने अकरा बोटे अकरा नावांवर ठेवली. दोन तास चर्चा झाली. राजेशदादांनी तीन वेळा सांगितले की मला पैशाचे काही नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे. (पैशाचे काही नाही असे ज्याला तीन वेळा सांगावे लागते, त्याची पावती मी नेहमी दोनदा तपासतो.) मी तिथेच ओळ पूर्ववत केली, रुपये परत आले, लोकांचे चेहरे फुलले, मस्का पाव मागवण्यात आला. आणि एवढे सगळे होईपर्यंत, हे लक्षात ठेव, अकरापैकी एकाही बोटाने आपल्या नावाच्या खालची ओळ वाचली नाही. बारावे बोट माझे. ते 'जीर्णोद्धार'वर होते.

छपाई गुरुवारी, चार मेला. अहवाल शुक्रवारच्या गाडीने गावी जायलाच हवा होता, नाही तर देवळाच्या वर्धापनदिनाला पोचला नसता. बुधवारी संध्याकाळी राजेशदादा स्वतः आमच्या दुकानात येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. मी म्हणालो, पाच मिनिटे. फाईल दुकानातल्या छपाईच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली, तर तिथे माझा फॉन्ट नव्हता, आणि जिथे नारळ नि घमेली हवीत तिथे रिकामे चौकोन. एकसष्ट नारळवाले, बावीस घमेलेवाले, मिळून त्र्याऐंशी रिकाम्या चौकटी. नंतर फाईल पुन्हा तयार झाली तेव्हा चौकोन गेले होते. यंत्राची एक खोड अशी असते की चिन्ह सापडले नाही तर ते आपले नेहमीचे चिन्ह लावून मोकळे होते. नेहमीचे म्हणजे रुपयाचे. मी प्रत आठ वेळा वाचली. तिसऱ्या पानावरचा एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला, सही केली, आणि पाचशे प्रती छापल्या गेल्या.

नऊ तारखेला, वर्धापनदिनी, अहवाल गावात वाटला गेला. पहिला फोन शेवंतीकाकूंचा. एक्कावन्न नारळांचे एक्कावन्न रुपये झालेले त्यांनी बघितले होते. त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला की नारळ पंचवीसचा धरला तर बाराशे पंचाहत्तर होतात, तेव्हा तू मला बाराशे चोवीस रुपयांना बुडवलेस, आणि मग हसत हसत फोन ठेवून दिला. मला वाटले, चला, लोक समजूतदार आहेत.

दुसरा फोन गुरुवारी दुपारी सव्वाबाराला आला. मी एका बाईंचे आधार कार्ड लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घालत होतो. नंबर अनोळखी होता, आवाज ओळखीचा. धाकूकाकांनी कोणाचा तरी फोन मागून घेतला होता. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "मिथुना, साठ दीस मी त्या देवळार होतंय. दिसाक एक रुपयो लावलंस माका?"

मी यंत्राचे सांगायला लागलो. फॉन्ट म्हणजे काय ते सांगायला लागलो. ते ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, "मी रुपये दिलंयच नाय. मगे लिवलंस कित्याक?" आणि फोन ज्याचा होता त्याला परत दिला. त्या माणसाने मला विचारले की बॅलन्स किती गेला असेल. मागे वळून बघितले तर आधार कार्ड तिरके होऊन मशीनमध्ये अडकले होते आणि बाई माझ्याकडे बघत होत्या.

दोन दिवसांनी तुझा फोटो आला. शिडी त्यांची, त्यामुळे ती घरी नेली म्हणून कोणी बोलू शकत नाही. आणि त्या उंचीला, त्या जुन्या वाशांवर कौले बसवणारा माणूस गावात दुसरा नाही, हे तुला माहीत आहे आणि आता मलाही माहीत झाले. मृग निघायला तीन आठवडे आहेत. ताडपत्रीला मागच्या वर्षी भोके पडली होती, ती मीच मोजली होती, चौदा. देव त्या भोकांखाली बसला आहे, माझ्या तक्त्यामुळे.

रविवारी तातडीची सभा झाली. (न विकलेला ओटा अजून तिथेच आहे.) एकाने सुचवले की पुढच्या वर्षीच्या अहवालात शुद्धिपत्रक छापू. एकाने सुचवले की धाकूला शाल-श्रीफळ देऊ, आणि मग तो नारळ कोणत्या चिन्हाने लिहायचा यावर पाच मिनिटे गेली. मग राजेशदादांनी मोबाईल काढून गणित केले. सातशे रुपये मजुरीने साठ दिवसांचे बेचाळीस हजार होतात, तेव्हा तसे रुपयांत छापून टाकू, माणूस खूश होईल. कोणी तरी म्हणाले, मग यादीत सगळ्यांत मोठी वर्गणी धाकूची होईल. राजेशदादांनी मोबाईलवर पुन्हा बोट ठेवले. मग म्हणाले की मजुरी सातशे जरा जास्त धरली का आपण. तेवढ्यात दुसरा कोणी तरी म्हणाला की बेचाळीस हजार नको, वर एक हवा.

बाळतात्या डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पिशवीतून पहिली वही काढली, एकोणीसशे चौसष्टची, आणि राजेशदादांपुढे उघडून ठेवली. दुसऱ्याच पानावर राजेशदादांच्या आजोबांचे नाव. पुढे बारा, आणि बारापुढे घमेलं.

"दिवसाचे रुपये करायला मलाही येत होते, राजेश," तात्या म्हणाले. "केले असते तर पहिल्याच वर्षी तुझा आजा सगळ्यांत कमी देणारा ठरला असता, आणि दुसऱ्या वर्षी आलाच नसता."

राजेशदादांनी ते पान जवळ ओढून आजोबांचे नाव वाचले. मग मोबाईलमधले गणित पुसून म्हणाले की नवीन पान छाप, चिन्हे बरोबर टाक, आणि बिल मला दे. (हे मी मुद्दाम लिहितो, कारण वर मी त्यांच्याबद्दल जे लिहिले तेही खरे आहे.)

तर नवीन पान छापले आहे. एक प्रत सोबत जोडली आहे. त्यात नारळाला शेंडी आहे, घमेल्याला रेघ आहे, रुपयांवर रुपया आहे. आठ वेळा नाही, या वेळी दोनदाच वाचले, पण उजवीकडून डावीकडे, आकडे आधी.

एवढा सगळा प्रकार आहे. यंत्रावर फार विसंबू नये, हा यातला बोध. तब्येतीस जप. तेल लाव.

तुझा भाचा,
मिथुन

ता. क. एक विनंती होती. खरे तर पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतले. सोबतचे पान घेऊन तू स्वतः धाकूकाकांकडे जा. तुझ्या आणि त्यांच्या अंगणाच्या मधे एक पेरूचे झाड सोडून काही नाही, गुडघ्यांना त्रास होणार नाही. त्यांना त्यांची ओळ वाचून दाखव, मग त्यांचे बोट त्या घमेल्यावर ठेव. अक्षरे त्यांना येत नाहीत, पण ते चिन्ह त्यांना वाचता येते. आणि शिडीचे विचार.

ता. क. २. वरचे पत्र मी परत वाचले. त्यात कुठेही अक्षराची चूक नाही, म्हणून मला संशय आला. काल प्रबुद्ध दुकानात आला होता. (हाच माझा तो मित्र, ज्याने मला प्रोग्रामिंग शिकवले. वांद्र्याला मोठ्या ऑफिसात असतो.) त्याने माझा प्रोग्राम उघडून बघितला. यंत्राला तशी काही खोड नसते, आत्या. चिन्ह सापडले नाही तर रुपयाचे लाव, ही ओळ मी स्वतः लिहिली आहे. त्या बुधवारी राजेशदादा शेजारी बसले होते, माझी पाच मिनिटे होऊन एक तास झाला होता, आणि ते रिकामे चौकोन बघून ते काही बोलण्याआधी मला ते नाहीसे करायचे होते. इतकेच नाही. प्रोग्राम तरीही सांगत होता. लाल अक्षरांत त्र्याऐंशी ओळी आल्या होत्या, अमक्याच्या नावापुढचे चिन्ह सापडलेले नाही म्हणून. त्यात एक ओळ धाकूकाकांची होती, नावासकट. राजेशदादांनी विचारले, एवढे लाल काय येते आहे रे. मी म्हणालो, काही नाही, असेच येते, आणि लाल ओळी दिसणे बंद करून टाकले. फॉन्ट फाईलच्या आत बसवला असता तर काम झाले असते. तेही एकाच ओळीचे काम होते. प्रबुद्धने ती लिहायला एक मिनिट घेतले. तोही तुझ्यासारखा खिडकीबाहेर बघतो.

तेव्हा वर जिथे जिथे यंत्र लिहिले आहे तिथे मिथुन वाच. खाडाखोड तुला आवडत नाही म्हणून तसेच ठेवले आहे. धाकूकाकांना हे आधी सांग. पान नंतर दाखव. शिडीचे सगळ्यांत शेवटी विचार, किंवा विचारूच नकोस.

ता. क. ३. दुकानातून सहा दिवसांची रजा घेतली आहे. शुक्रवारी निघतो, शनिवारी सकाळी पोचेन. बाकीच्या प्रती बरोबर आणतो. कौले वर द्यायला खाली एक माणूस लागतो असे बाबा म्हणाले. मला उंचीची भीती वाटते, पण खाली उभे राहता येते. धाकूकाका शिडी घेऊन देवळात आहेत, की शिडी घेऊन माझी वाट बघत आहेत, एवढे मला एस.टी.तून उतरण्याआधी कळव. फोटो पाठवलास तरी चालेल. खाली काही लिहू नकोस.

आजपर्यंतचा हिशेब:

नवीन पान, १२० प्रती : ₹३६० (राजेशदादांनी दिले)
हे पत्र, स्पीड पोस्टने : ₹४१
त्या बाईंच्या आधार कार्डाचे नवीन लॅमिनेशन : ₹४०
शेवंतीकाकूंचे ₹१,२२४ : तडजोड एक किलो चहा पावडरीवर झाली, ₹४८०

देणे, राजेशदादा : चुकीच्या अहवालाच्या छपाईचा निम्मा खर्च, ₹९,२५१ (निम्मे ९,२५० होतात. वरचा एक त्यांनी वाढवला.)

देणे, धाकूकाका : ६० (पुढचे चिन्ह पेनाने काढले आहे. रेघ थोडी वाकडी आली, पण ते घमेलंच आहे.)